‘सिस्टर’ या हाकेमागचा इतिहास

रुग्णालयाच्या वॉर्डात दिवसभरात सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा शब्द कोणता, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे. ‘सिस्टर!’ सलाइन संपत आले, सिस्टर. पेशंटला थंडी वाजतेय, सिस्टर. मोठे डॉक्टर राउंडला कधी येणार, सिस्टर. सत्तरीच्या आजीबाईही पंचविशीतल्या मुलीला सिस्टर म्हणतात. झाडलोट करणाऱ्या बाई मावशी, स्ट्रेचर ढकलणारे मामा आणि परिचर्या करणारा पुरुष असेल तर तो ब्रदर. सगळा वॉर्ड नात्यागोत्याने भरलेला. एकट्या डॉक्टरांना मात्र कुणी काका किंवा दादा म्हणत नाही. ते डॉक्टरच. ज्याच्या ज्ञानाला आपण मान देतो त्याला पदवीने हाक मारतो आणि ज्याच्या कष्टांवर आपला हक्क आहे असे आपल्याला वाटते त्याला नात्याने, असा हा आपला रिवाज आहे.

याच रिवाजाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. पांढरा कोट घातलेली तरुण डॉक्टर वॉर्डात शिरली की तिला हमखास ‘सिस्टर’ अशी हाक येते. तिच्या मागून येणाऱ्या ब्रदरला मात्र नातेवाईक डॉक्टर समजून उठून उभे राहतात. बरे करणारा तो पुरुष आणि काळजी घेणारी ती स्त्री, ही वाटणी आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की ती निसर्गानेच करून ठेवली असावी असे वाटते. शुश्रूषा हा बाईचा स्वभाव, असे आपण सहज म्हणून जातो. इतिहास काय सांगतो ते जरा पाहू.

सुरुवात आपल्याच ग्रंथांपासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांतला उपस्थाता म्हणजे आजच्या भाषेत परिचारक. औषधाच्या आणि वैद्याच्या जोडीला त्याला चिकित्सेचा एक स्वतंत्र पाद मानले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच्या अंगी चार गुण हवेत. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी आपुलकी आणि स्वच्छता. या यादीत आपुलकी आहे. पण ती चारांतली एक आहे आणि ज्ञानाचा उल्लेख तिच्या आधी येतो. याच स्थानातील पंधराव्या अध्यायात रुग्णासाठी घर कसे सज्ज करावे ते सांगताना कसले लोक जवळ असावेत याचेही वर्णन आहे. पेज-कढण रांधण्यात, स्नान घालण्यात, अंग चेपण्यात, रुग्णाला उठवण्या-बसवण्यात, औषधे वाटण्यात निपुण असलेले लोक. गाणारे आणि गोष्टी सांगणारेसुद्धा. हे शब्द व्याकरणाने पुल्लिंगी आहेत म्हणून हे सगळे पुरुषच असत असा दावा कुणी करू नये. पण हे बायकांचे काम आहे, असे ग्रंथकाराला कुठे सुचलेले दिसत नाही. बाळंतपणाच्या प्रसंगी मात्र तो जवळ स्त्रिया असाव्यात असे सांगतो, आणि तिथेही अनेकदा प्रसूत झालेल्या, म्हणजे अनुभवी स्त्रिया हव्यात असा त्याचा आग्रह आहे. तिथेही त्याला अनुभवाचीच गरज वाटते.

युरोपात काय होते? मध्ययुगात जेरुसलेमला यात्रेकरूंसाठी मोठे रुग्णालय चालवणारे ‘हॉस्पिटलर’ हे पुरुष धर्मबंधू होते. पुढे सोळाव्या शतकात कामिल्लुस द लेलिस नावाच्या इटालियन माणसाने आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या पुरुषांचा संघ काढला. हा गृहस्थ आधी शिपाई आणि जुगारी होता. पायाच्या बऱ्या न होणाऱ्या जखमेमुळे त्याला रुग्णालयात राहावे लागले आणि तिथली हेळसांड पाहून त्याचे आयुष्य पालटले. त्याच्या संघातले लोक अंगरख्यावर लाल क्रूस लावत. आजच्या रेडक्रॉसच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्याच्या आधीचा पोर्तुगालचा जॉन ऑफ गॉड यानेही स्पेनमधील ग्रानाडा शहरात आजाऱ्यांसाठी घर उघडले होते. कॅथलिक परंपरेत परिचर्या करणाऱ्यांचे संरक्षक संत म्हणून हे दोन पुरुष आजही पूजले जातात. आणि इतके दूर तरी कशाला जायचे? जुन्या गोव्यात पोर्तुगीजांचे ‘हॉस्पिताल रेआल’ होते. १६०८ च्या सुमारास पिरार द लावाल हा फ्रेंच प्रवासी तिथे रुग्ण म्हणून राहिला आणि तिथल्या टापटिपीचे त्याने तोंड भरून कौतुक केले. त्या रुग्णालयाची व्यवस्था जेझुइट पाद्र्यांकडे होती.

मग ही वाटणी झाली कधी? तिला फार तर पावणेदोनशे वर्षे झाली. ती घडवणारे नाव आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे : फ्लॉरेन्स नाइटिंगेल. शाळेच्या पुस्तकात हातात दिवा घेतलेली तिची आकृती आपण पाहिलेली असते. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांचे हाल होत असल्याच्या बातम्या लंडनच्या वृत्तपत्रांत आल्या आणि १८५४ च्या नोव्हेंबरात ती ३८ स्त्रियांची तुकडी घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारीला पोचली. त्याआधी ब्रिटिश सैन्याच्या रुग्णालयांत शुश्रूषेचे काम सैनिकांपैकीच काही पुरुष करत. मुलकी रुग्णालयांत काम करणाऱ्या पगारी बायका गरीब, निरक्षर आणि दारूच्या आहारी गेलेल्या असतात, असा समज होता. डिकन्सने आपल्या एका कादंबरीत सेअरी गॅम्प या दारुड्या नर्सचे जे पात्र रंगवले ते त्या समजाचेच चित्र होते. नाइटिंगेलने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचर्येची शाळा काढली आणि या कामाला शिस्त, शिक्षण आणि प्रतिष्ठा दिली.

तिच्या यशाला काळही अनुकूल होता. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या बरीच जास्त असल्याचे दिसून आले. लग्न न होणाऱ्या मध्यमवर्गीय मुलींनी करायचे काय, हा प्रश्न तिथल्या मासिकांतून चर्चिला जाऊ लागला. श्रीमंतांच्या मुलांना शिकवणारी गव्हर्नेस होणे, एवढीच काय ती अब्रूदार नोकरी. दुसरीकडे शस्त्रक्रिया वाढत होत्या, रुग्णालये मोठी होत होती आणि त्यांना शिस्तीत, कमी पैशांत काम करणारी माणसे हवी होती. या दोन गरजांची गाठ पडली. पण चांगल्या घरातली मुलगी परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावते, रात्रपाळी करते, याला समाजाची मान्यता कशी मिळावी? त्यासाठी दोन आधार सापडले. एक धर्माचा. स्कुटारीच्या तुकडीत धर्मभगिनी होत्याच. ‘सिस्टर’ ही हाक, डोक्यावरचे पांढरे आवरण, कडक वसतिगृह या गोष्टींवर मठाची छाया आहे. दुसरा आधार घराचा. रुग्णालय म्हणजे मोठे घर. डॉक्टर हा कर्ता पुरुष, नर्स ही गृहिणी आणि रुग्ण म्हणजे लेकरू. घरात बाई जे करते तेच ती इथे करते, मग यात वावगे ते काय?

हा युक्तिवाद कमालीचा यशस्वी ठरला. त्याने लाखो स्त्रियांना घराबाहेर पडायला अब्रूदार वाट दिली. पण त्याच युक्तिवादात पुढची सगळी अडचणही होती. जे काम स्वभावानेच येते त्यासाठी शिक्षण कशाला? जे घरात फुकट होते त्याला पगार किती द्यायचा? आणि जे बाईच्या स्वभावातले आहे ते पुरुषाने का करावे? नाइटिंगेलला यातला धोका दिसला होता. आयुष्यात कधी ना कधी प्रत्येक स्त्रीवर कुणाच्या तरी आजारपणाची जबाबदारी येते, असे तिने १८५९ च्या आपल्या पुस्तकात लिहिले. पण प्रेमभंग झालेली किंवा इतर कशाच्या लायक नसलेली बाई आपोआप चांगली नर्स होते, या समजुतीची तिने त्याच पुस्तकात टर उडवली आहे. ही बाई आकडेशास्त्रात निष्णात होती. सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मरतात हे तिने आलेख काढून सरकारला पटवले. आपण मात्र तिच्या हातातला आलेख विसरलो आणि दिवा तेवढा लक्षात ठेवला.

परिचर्येच्या विद्यार्थिनी दीपप्रज्वलनाच्या वेळी जी प्रतिज्ञा घेतात ती नाइटिंगेलच्या नावाने ओळखली जाते, पण ती तिने लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका परिचर्या शाळेत तयार झाली. तिच्या मूळ मसुद्यात जीवन पवित्र ठेवण्याचे आणि डॉक्टरला निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन आहे. डॉक्टरांच्या शपथेत नर्सला निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन नाही, हे ओघानेच आले. शिकाऊ मुलींकडून दिवसरात्र वॉर्डाचे काम करून घ्यायचे, बदल्यात राहणे, जेवण आणि किरकोळ विद्यावेतन द्यायचे, ही पद्धतही तेव्हाच रूढ झाली. कितीतरी रुग्णालये या जवळजवळ फुकट श्रमांवर चालली.

हिंदुस्थानात हा व्यवसाय आला तो याच मार्गाने, पण इथली जमीन आणखी कठीण होती. इथे जातीच्या सोवळ्याओवळ्याचा प्रश्न होता. रक्त, मलमूत्र, परक्याचे अंग यांना स्पर्श करणारी बाई कुठल्या जातीची, हा पहिला सवाल. म्हणून सुरुवातीला या कामात युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि देशी ख्रिस्ती स्त्रियाच जास्त दिसतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ऑल सेंट्स या अँग्लिकन संघाच्या धर्मभगिनी काम करत. १८८६ मध्ये मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले आणि बाई डॉक्टर, बाई रुग्ण, बाई नर्स अशी व्यवस्था उभी राहिली. भारतीय परिचर्येच्या इतिहासात बाई काशीबाई गणपत यांचा उल्लेख येतो. १८९१ मध्ये जे. जे. रुग्णालयात प्रशिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय नर्स म्हणून तो येतो आणि तेवढ्यावरच संपतो. १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी यांच्यावर चरित्रे, कादंबरी, नाटक, चित्रपट सारे झाले, आणि ते योग्यच झाले. पण पाचच वर्षांनी रुग्णसेवेच्या शिक्षणात पाऊल टाकणाऱ्या काशीबाई एका ओळीपुरत्या उरल्या.

१८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला तेव्हा शुश्रूषा करणाऱ्या माणसांची गरज किती मोठी आहे ते सगळ्यांच्या लक्षात आले. घरच्यांनी टाकलेले रुग्ण उचलून आणणाऱ्या सावित्रीबाई फुले यांना आपण शिक्षिका म्हणून ओळखतो. पण त्यांचा मृत्यू शुश्रूषा करताना झाला. मुलगा डॉ. यशवंत यांच्या पुण्याजवळच्या दवाखान्यात रुग्णांना पोचवता पोचवता त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. स्पर्शाचे भय झुगारून देणारे ते काम होते. जातीच्याही आणि रोगाच्याही.

पुढचा दुवा मोठा सुरेख आहे. नाइटिंगेल हिंदुस्थानात कधी आली नाही, पण इथल्या आरोग्याच्या प्रश्नांचा तिने वर्षानुवर्षे अभ्यास केला. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांचे चरित्र दयाराम गिदुमल यांनी लिहिले, त्याला तिची प्रस्तावना आहे. याच मलबारी आणि गिदुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन ही संस्था सुरू केली आणि १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीने पुण्यात सेवासदन उभे केले. न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून ज्यांच्या शब्दाला वजन होते अशा रमाबाईंनी ब्राह्मण आणि इतर उच्चवर्णीय घरांतल्या विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवले. त्या काळच्या पुण्यात ही केवढी धाडसाची गोष्ट होती, याची आज कल्पना येणार नाही. ज्या विधवेच्या दर्शनाने अपशकुन होतो असे लोक मानत, तिच्याच हातून औषध घेण्याची वेळ त्यांच्यावर आली. माजघराच्या कोपऱ्यात आयुष्य काढणारी बाई पगार घेऊ लागली, आपल्या नावाने ओळखली जाऊ लागली. या व्यवसायाने महाराष्ट्रातल्या बाईला काय दिले याचा हिशेब करताना ही जमेची बाजू ठळक अक्षरांत लिहायला हवी.

खर्चाची बाजूही तशीच लिहायला हवी. विधवा, परित्यक्ता, अविवाहिता यांचे हे काम, असे समीकरण यातूनच रूढ झाले. ज्या घरांत ‘आमची मुलगी डॉक्टर होणार’ असे अभिमानाने सांगत, त्याच घरांत मुलीने नर्स व्हायचे म्हटले तर आईच्या कपाळाला आठी पडे. सेवेचे गोडवे गायचे आणि सेविकेच्या चारित्र्याबद्दल कुजबुजायचे, असा दुटप्पीपणा आपण वर्षानुवर्षे चालवला. रात्रपाळी करणारी बाई म्हणजे संशयाची धनीण. या सर्वाचा परिणाम संख्येतही दिसला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये आलेल्या भोर समितीच्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४७,५०० डॉक्टर होते आणि नर्स होत्या सुमारे ७,०००. जिथे डॉक्टरांपेक्षा नर्स जास्त हव्यात तिथे गणित उलटे होते. ४३ हजार लोकांमागे एक नर्स! या कामाला मान आणि मोल नाकारल्याची ती किंमत होती, आणि ती अर्थातच आजारी माणसांनी मोजली.

लग्न आणि ही नोकरी एकत्र जमत नाहीत, ही समजूत कागदावरही उतरली होती. आपल्या लष्करातील परिचर्या सेवेचेच उदाहरण घेऊ. १८८८ मध्ये ब्रिटिश सैनिकांच्या शुश्रूषेसाठी पहिल्या प्रशिक्षित नर्स मुंबईच्या बंदरात उतरल्या. १९२६ मध्ये भारतीय लष्करी परिचर्या सेवा स्थापन झाली. या सेवेचा इतिहास अभिमानाचा आहे. भारतीय सैन्यदलांत मेजर जनरल पदापर्यंत पोचलेली पहिली स्त्री याच सेवेतली; १९७६ मध्ये जी. ए. राम यांना तो मान मिळाला. आणि याच सेवेतल्या एका लेफ्टनंट परिचारिकेला १९८८ मध्ये, तिने एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले म्हणून सेवेतून मुक्त करण्यात आले. तसा नियमच होता. तो फक्त स्त्रियांना लागू होता आणि १९९५ मध्ये मागे घेतला गेला. ही बाई न्यायासाठी झगडत राहिली. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उघडउघड लिंगभेद करणारा आणि मनमानी ठरवला आणि तिला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. काढून टाकले तेव्हापासून न्याय मिळेपर्यंत ३५ वर्षे लोटली होती.

पगाराचे पाहा. ‘तुमची सेवा अनमोल आहे,’ असे आपण १२ मे रोजी, परिचारिका दिनी, भाषणात म्हणतो. अनमोल म्हणता म्हणता आपण ती बिनमोल करून टाकली. २०११-१२ मध्ये केरळ, दिल्ली, मुंबई इथल्या खासगी रुग्णालयांतल्या नर्सनी संप केले तेव्हा कळले की अनेक ठिकाणी त्यांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवली जात आणि करारपत्रांत बांधून त्यांना तुटपुंज्या पगारावर राबवले जाई. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार केंद्राने समिती नेमली. तिने शिफारस केली की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सला सरकारी नर्सइतकाच पगार मिळावा आणि ५० खाटांहून लहान रुग्णालयातही तो २० हजारांपेक्षा कमी असू नये. शिफारस अंमलात आणणे राज्यांवर सोपवलेले, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच राहिली. मे २०२२ मध्ये आपल्या राज्यातल्या शासकीय परिचारिकांनी कंत्राटदारामार्फत भरती करण्याच्या धोरणाविरुद्ध संप केला. करोनाच्या काळात ज्यांच्यासाठी आपण थाळ्या वाजवल्या, त्यांना दोन वर्षांत कायम नोकरीसाठी मैदानात बसावे लागले.

इथे मला एका गोष्टीचा उल्लेख करावासा वाटतो, कारण ती मुंबईची आहे आणि आपण ती चुकीच्या पद्धतीने सांगतो. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. नर्सच्या सुरक्षिततेचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. अरुणाताई पुन्हा शुद्धीवर अशा आल्याच नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. मधली जवळजवळ ४२ वर्षे केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळले. आपण या कहाणीला मायेची, भगिनीभावाची कहाणी म्हणतो. माया होतीच. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगावर दशकानुदशके जखमा होऊ न देणे हे नुसत्या मायेने होत नाही. दर काही तासांनी कूस बदलणे, त्वचेवरची लाली वेळेत ओळखणे, अन्न श्वासनलिकेत जाणार नाही अशा बेताने भरवणे, जंतुसंसर्ग टाळणे, आणि हे सगळे प्रत्येक पाळीत न चुकता पुढच्या पाळीच्या हाती सोपवणे. हे शास्त्र आहे. एखाद्या शल्यविशारदाने केलेल्या अवघड शस्त्रक्रियेला आपण त्याचे प्रेम म्हणत नाही, कौशल्य म्हणतो. नर्सच्या कौशल्याला मात्र प्रेम म्हणून मोकळे होतो.

१९६९ च्या ‘खामोशी’ या चित्रपटात वहिदा रेहमान यांनी केलेली नर्स आठवते? मनोरुग्णाला बरे करण्यासाठी त्याच्यावर प्रेम असल्याचे नाटक करायला डॉक्टर तिला सांगतात. रुग्ण बरा होऊन जातो आणि शेवटी तीच मानसिक तोल गमावते. जिव्हाळा हे औषध आहे असे मानले तरी ते कुठून येते, किती लागते आणि देणारीचे काय होते, हा हिशेब कुणीच ठेवत नाही, हे त्या चित्रपटाने फार पूर्वी दाखवले होते.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू, म्हणजे ब्रदरची. शुश्रूषा हे बाईचे काम ठरले तसे पुरुषांना त्यातून पद्धतशीर बाहेर काढण्यात आले. इंग्लंडमध्ये १९१९ च्या कायद्याने नर्सची नोंदवही सुरू झाली. तिचा मुख्य भाग स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळी पुरवणी. ती वेगळी यादी १९४९ मध्ये रद्द झाली. अमेरिकेच्या लष्करात १९०१ मध्ये नर्सचे दल स्थापन झाले ते केवळ स्त्रियांचे. पहिल्या पुरुषाला त्यात अधिकारी म्हणून घेतले गेले ते १९५५ मध्ये. आपल्याकडे १९४३ च्या युद्धकाळातल्या वटहुकुमाने लष्करी परिचर्या सेवेचे अधिकारीपद स्त्रियांपुरते ठेवले आणि स्वातंत्र्यानंतरही तोच वटहुकूम लागू राहिला. गंमत अशी की लष्कराच्या वैद्यकीय दलात ‘नर्सिंग असिस्टंट’ म्हणून पुरुष जवान वर्षानुवर्षे शुश्रूषा करत आले आहेत. म्हणजे पुरुषाच्या हातून शुश्रूषा होत नाही असे नव्हे. नर्सिंगची पदवी घेऊन अधिकारी व्हायचे तर मात्र ते दार त्याच्यासाठी बंद. शुश्रूषेतल्या अधिकाराची जागा बाईची, असे वरवर दिसते खरे. पण लग्न केल्याबद्दल त्याच बाईला घरी पाठवणारी व्यवस्थाही हीच होती.

अमेरिकेत १९८२ मध्ये या प्रश्नावर एक महत्त्वाचा निकाल लागला. मिसिसिपी राज्यातल्या स्त्रियांच्या सरकारी विद्यापीठाने जो होगन या पुरुष नर्सला परिचर्येच्या पदवी वर्गात प्रवेश नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र लिहिले त्या न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश सँड्रा डे ओकॉनर यांनी. पुरुषांना बाहेर ठेवल्याने नर्सिंग हे फक्त बायकांचे काम आहे हा जुनाच समज घट्ट होतो, असे त्यांनी म्हटले. आणि तळटिपेत एक मुद्दा नोंदवला, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुरुषांना दूर ठेवल्यामुळे नर्सचे वेतन दबलेले राहिले, असे नर्सच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांचेच म्हणणे असल्याचे त्यांनी दाखवून दिले. ब्रदरचे बंद दार आणि सिस्टरचा अपुरा पगार, ही एकाच समजुतीची दोन फळे आहेत.

आपल्याकडे नर्सिंगला जाणाऱ्या मुलाला अजूनही विचारतात, ‘मेडिकलला नंबर लागला नाही का?’ सोयरिकीच्या वेळी त्याला वॉर्डबॉय समजतात. प्रसूतिकक्षात त्याला कामावर ठेवायला खळखळ होते. रुग्ण स्त्रीचा संकोच खराच आहे, त्याचा मान राखलाच पाहिजे. पण त्याच कक्षात पुरुष डॉक्टर बाळंतपण करतात तेव्हा तो संकोच आपण बाजूला ठेवतो. डॉक्टरच्या स्पर्शात ज्ञान आहे आणि नर्सच्या स्पर्शात फक्त बाईपण किंवा पुरुषपण, असे आपण धरून चालतो. इंग्लंडमध्ये सुईणीचा व्यवसाय पुरुषांना १९८३ मध्ये पूर्णपणे खुला झाला.

अर्थात दार उघडले की सगळे प्रश्न सुटतात असेही नाही. क्रिस्टीन विल्यम्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९२ मध्ये दाखवून दिले की नर्सिंग, प्राथमिक शिक्षण, ग्रंथपालन अशा ‘बायकी’ समजल्या जाणाऱ्या व्यवसायांत पुरुष आले की ते भराभर वरच्या जागांवर जातात. पुरुषांच्या व्यवसायात बाईच्या डोक्यावर अदृश्य छत असते. बायकांच्या व्यवसायात पुरुषाच्या पायाखाली अदृश्य सरकता जिना. हा जिना सर्वांसाठी सारखा नाही, कृष्णवर्णीय पुरुषांना तो सहसा मिळत नाही, हेही पुढच्या संशोधनात दिसले. २०१९ मध्ये ‘एम्स’ने नर्सिंग ऑफिसरच्या ८० टक्के जागा स्त्रियांसाठी ठेवल्या तेव्हा पुरुष उमेदवार न्यायालयांत गेले. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. खेड्यातल्या मुलीला स्थिर सरकारी नोकरी देणारी क्षेत्रे मुळात थोडी. त्यांतले एक तिच्या हातून निसटू नये, ही चिंता खोटी नाही. पण ही जागा बाईची, असे म्हणताना ती कोणत्या कारणाने बाईची, हे स्पष्ट असले पाहिजे. संधी कमी म्हणून राखीव, हे एक कारण झाले. स्वभाव तसा म्हणून राखीव, हे दुसरे. पहिले कारण बाईला पुढे नेते. दुसरे तिला जिथल्या तिथे ठेवते.

२०२० हे वर्ष नाइटिंगेलच्या जन्माचे दोनशेवे वर्ष म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणींचे वर्ष जाहीर केले होते. त्याच वर्षी करोना आला. संघटनेच्या त्या वर्षीच्या अहवालानुसार जगात २ कोटी ७९ लाख परिचर्या कर्मचारी होते, त्यांत दर दहांत नऊ स्त्रिया. आणि आरोग्यसेवेच्या निर्णयाच्या खुर्च्यांवर मात्र त्या अगदी थोड्या.

आपल्या सरकारी मराठीत या व्यवसायातली पदे अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी आहेत. सगळी सेवेची, सगळी स्त्रीलिंगी. केंद्र सरकारने २०१६ मध्ये स्टाफ नर्सला ‘नर्सिंग ऑफिसर’ म्हणायला सुरुवात केली. नावे बदलून पगार वाढत नाही, हे खरे. पण आपण कुणाकडे कशासाठी पाहतो, ते नावातून कळते. चरकाने उपस्थात्याकडे ज्ञान मागितले, दक्षता मागितली, आपुलकी मागितली, स्वच्छता मागितली. त्यातली आपुलकी तेवढी आपण बाईच्या पदरात टाकली आणि तिचा मोबदला म्हणून कौतुक दिले. उरलेल्या तिन्हींचा हिशेब चुकता करायचा तर नर्सला तिच्या शिक्षणाप्रमाणे पगार, तिच्या अनुभवाप्रमाणे अधिकार आणि रात्रपाळीहून सुखरूप घरी पोचण्याची हमी द्यावी लागेल. मग ती सिस्टर असो की ब्रदर. वॉर्डातली हाक बदलली नाही तरी चालेल. त्या हाकेला ओ देणारे माणूस शिकलेले, जाणते आणि कामाचे पूर्ण दाम घेणारे आहे, एवढे हाक मारणाऱ्याच्या मनात पक्के हवे.